उद्यांचा दिवस कोणाच्या हातीं?

शहापूर तालुक्यांत डोळखांबच्या बाजूस सेवा करणाऱ्या एका उपदेशक बंधूचें पत्र आमच्याकडे आलें आहे. आपलें नांव छापूं नये अशी त्यांची विनंती आहे व ती आम्ही मान्य करितों. पत्रांत दोन गोष्टी सांगितल्या असून शेवटीं एक प्रश्न विचारिला आहे. तो प्रश्न खेड्यापाड्यांतील आपल्या पुष्कळ मंडळ्यांपुढें आज ना उद्यां येणारा आहे, असें वाटल्यावरून आम्ही त्याचा विचार येथें करीत आहों.

पहिली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरांतली. त्यांची मुलगी शहापुरास कॉलेजांत शिकते. तिच्या एका मैत्रिणीनें टॅरो नांवाचे भविष्य पाहण्याचे पत्ते आणिले होते. मधल्या सुट्टींत मुली भोंवतीं जमल्या. कोणी परीक्षेविषयीं विचारी, कोणी लग्नाविषयीं. उपदेशकांच्या मुलीची पाळी आली तेव्हां तिनें पत्ता उचलण्यास नकार दिला. येथवर ठीक झालें. परंतु ती तेवढ्यावर थांबली नाहीं. सर्वांदेखत ती म्हणाली, ‘तूं सैतानाचें काम करितेस. तुझ्या हातचें पाणीहि मी यापुढें पिणार नाहीं.’ मैत्रीण रडत घरीं गेली, आणि तेव्हांपासून दोघींचें बोलणें बंद आहे. मुलीला वाटतें कीं, आपण साक्ष दिली.

दुसरी गोष्ट मंडळींतील एका भगिनीची. तिचा नवरा माघ महिन्यांत भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेला होता. घरीं म्हातारी सासू व पांच वर्षांचा मुलगा. एका रात्रीं मुलाला हींव भरून ताप आला व तो बरळूं लागला. वाडीवर मोबाईलला रेंज नाहीं. तिनें उपदेशकांचें दार वाजविलें; ते दुसऱ्या गांवीं सभेस गेले होते. मग ती मंडळीच्या एका वडिलांकडे गेली. त्यांनीं दार न उघडतां आंतूनच सांगितलें, ‘आम्ही प्रार्थना करितों, सकाळीं पाहूं.’ तेव्हां सासूच्या सांगण्यावरून तिनें मुलाला खांद्यावर टाकून भगताचें घर गांठलें. भगतानें लागलीच दार उघडलें. त्यानें सुपांत तांदूळ टाकून पाहिले, वाघदेवाला कोंबडें कबूल करावयास सांगितलें, मुलाच्या दंडाला दोरा बांधला. पण मुलाचें अंग हाताला चटके देत आहे असें पाहून त्यानेंच आपल्या थोरल्या मुलाला उठविलें, मोटारसायकल काढावयास लाविली, आणि मायलेकरांस सरकारी दवाखान्यांत पोंचविलें. हिंवताप निघाला, औषध वेळेवर मिळालें, मूल बरें झालें. आतां मंडळीचे वडील म्हणतात कीं, या बाईनें भगताचा दोरा घेतला, तेव्हां हिचें नांव यादींतून काढावें.

बंधु विचारितात, ‘मुलीनें पत्ता नाकारिला म्हणून लोक तिची वाहवा करितात, भगिनीनें दोरा घेतला म्हणून तिला बाहेर काढूं पाहतात. माझें मन मात्र मला स्वस्थ बसूं देत नाहीं. दुसऱ्यांच्या समजुतींशीं ख्रिस्ती माणसानें कसें वागावें?’

प्रथम पत्त्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण ज्या वस्तूची माहिती नसते तिची भीति उगाच वाढते. टॅरोच्या संचांत ७८ पत्ते असतात. त्यांपैकीं ५६ आपल्या नेहमींच्या खेळाच्या पत्त्यांसारखे चार जातींचे असतात. बाकीच्या २२ पत्त्यांवर सूर्य, चंद्र, मृत्यु, जादूगार अशीं चित्रें असतात. पंधराव्या शतकांत इटली देशांतील श्रीमंत घराण्यांत हे पत्ते खेळण्यासाठीं रंगविले गेले, व सुमारें तीनशें वर्षें लोक त्यांनीं मुख्यतः खेळच खेळले. पुढें १७८१ सालीं पॅरिस शहरांतील कूर द झेबेलँ नांवाच्या लेखकानें असें छापिलें कीं, या चित्रांत प्राचीन मिसर देशाचें गुप्त ज्ञान सांठविलेलें आहे. त्या वेळीं प्राचीन मिसरी चित्रलिपि वाचतां येणारा मनुष्य सर्व युरोपांत एकहि नव्हता. शांपोल्यों या पंडितानें ती लिपि १८२२ सालीं उलगडली. तोंवर ही कल्पना लोकांच्या मनांत रुजली होती, व पत्त्यांवरून भविष्य सांगणारांचा धंदा चालूं झाला होता. आज बहुतेक ठिकाणीं जीं चित्रें दिसतात तीं १९०९ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालेल्या संचावरून आलीं असून तीं पामेला कोलमन स्मिथ नांवाच्या बाईंनीं काढिलीं होतीं. आतां तेच पत्ते मोबाईलच्या पडद्यावर उघडतां येतात. म्हणून ते डोळखांबच्या नाक्यावर बसची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या खिशांतहि येऊन पोंचले आहेत.

नांव परकें असलें तरी वस्तु आपणांस अगदीं नवी नाहीं. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. तिच्यासारख्या यात्रांत झाडाखालीं बसलेला पोपटवाला कोणीं पाहिला नाहीं? पिंजऱ्याचें दार उघडतांच पोपट बाहेर येतो, चोंचीनें एक पाकीट ओढितो, धन्याच्या हातून दाणा घेतो व पुन्हां आंत जातो. पाकिटांतील चित्र पाहून धनी आपलें भविष्य सांगतो. नंदीबैल मान हालवितो, पिंगळा पहांटे दारीं येऊन पुढचें सांगतो, जोशी पंचांग उघडतो, भगत सुपांतले दाणे मोजतो. साधनें निराळीं असलीं तरी माणसाचे प्रश्न दोनच असतात: उद्यां काय होणार, आणि माझ्या दुःखाचें कारण कोण?

हें सर्व खरें कां वाटतें, याचाहि शोध झाला आहे. अमेरिकेंतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकानें १९४८ सालीं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक परीक्षा घेतली, व प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचें वर्णन म्हणून एकेक कागद दिला. तें वर्णन किती जुळतें याला पांचपैकीं गुण द्यावे असें त्यानें सांगितलें. सरासरी चारांहून अधिक गुण पडले. मग त्यानें उघड केलें कीं, सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या एका सामान्य पुस्तकांतून घेतला होता. ‘तुमच्या मनांत एक चिंता आहे, तुम्हीं पुष्कळांचें भलें केलें, पण तुम्हांला यश मिळालें नाहीं’, असें कोणाहि श्रमणाऱ्या माणसाला सांगा, तो मान डोलवील. पोपटाच्या पाकिटांत असतें तें हेंच.

तेव्हां पत्त्याच्या कागदांत कांहीं शक्ति नाहीं, हें प्रथम नीट समजून घ्यावें. आपल्या महाराष्ट्रांत सावंतवाडीस गंजिफा नांवाचे वाटोळे पत्ते हातानें रंगवितात. दशावतारी गंजिफेंत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे प्रत्येकीं बारा. तो एक सुंदर खेळ आहे, व त्यांत कोणी आपला उद्यांचा दिवस शोधीत नाहीं. चित्र हें चित्रच आहे. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीला मूर्तीपुढें ठेविलेल्या अन्नाविषयीं लिहितांना असाच विचार मांडिला कीं, मूर्ति ही स्वतः कांहींच नव्हे. तथापि एखाद्या दुर्बळ भावाला ठेंच लागत असेल तर जाणत्यानें तें अन्न प्रीतीखातर सोडावें. जो ख्रिस्ती मनुष्य पत्त्याला हात लागल्यानें आपलें वाईट होईल म्हणून भितो, त्यानेंहि त्या कागदाला देवपण दिलेंच. एकानें आशेनें दिलें, दुसऱ्यानें भीतीनें दिलें, एवढाच फरक.

मग कागद निर्जीव आहे तर आपण हें कां नाकारावें? गंमत म्हणून एक पत्ता उचलला तर काय बिघडलें? आमच्या मतें नाकारण्याचीं कारणें दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या गांवांत डोळ्यांनीं पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण असें कीं, उद्यांचा दिवस आपल्या स्वर्गांतील पित्याच्या हातीं आहे, असें आपण दर रविवारीं बोलतों. जो सोमवारीं तोच दिवस पत्त्यांपाशीं विचारावयास जातो, त्यानें रविवारचें बोलणें मागें घेतलें. आणि असें विचारणें एकदां करून संपत नाहीं. चांगलें सांगितलें तर तें ढळूं नये म्हणून पुन्हां विचारावें लागतें. वाईट सांगितलें तर उपाय काय म्हणून पुन्हां विचारावें लागतें. हळूहळू मनुष्य आपल्या विचारानें पाऊल टाकणें सोडून देतो. येथें कोणी म्हणेल, शेतकरीहि पुढचें पाहतोच कीं. खरें आहे. राब केव्हां भाजावा, पेरणी केव्हां करावी, हें तो ढगांवरून, वाऱ्यावरून व हवामान खात्याच्या बातमीवरून ठरवितो. तें देवानें दिलेल्या बुद्धीचें काम आहे. तें चुकलें तर चुकलें असें कबूल करितां येतें व पुढच्या वर्षीं सुधारितां येतें. पत्त्याचें भविष्य मात्र कधींच चुकत नाहीं; चुकतो तो विचारणारा, असें सांगणारा नेहमीं म्हणूं शकतो.

दुसरें कारण अधिक भयंकर आहे. ‘माझ्या दुःखाचें कारण कोण?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पुष्कळदां एका जिवंत माणसाचें नांव येतें. ठाणें जिल्ह्यांतील डोंगराळ भागांत ज्यांचें लहानपण गेलें आहे त्यांनीं ‘भुताळी’ हा शब्द ऐकिला असेल. वाडींत मूल दगावलें, गाय आटली, कीं दाणे पाहिले जात. आणि दाणे बहुधा अशा बाईकडे बोट दाखवीत कीं जिच्या पाठीशीं कोणी नाहीं. एखादी विधवा, एखादी मूल नसलेली, एखादी तोंडानें फटकळ. पुढें तिला मारहाण होई, वाडीबाहेर घालविलें जाई. पत्ते उघडून ‘तुमच्या जवळचें कोणी तुमच्यावर जळतें’ असें सांगणारी शहरांतील सुशिक्षित बाईहि याच रस्त्याच्या तोंडाशीं उभी असते. ती मारहाण करीत नाहीं हें खरें. पण ऐकणारी घरीं जाऊन आपल्या जावेकडे, नणंदेकडे, शेजारणीकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागते. शेजाऱ्यावर प्रीति करावी अशी ज्याला आज्ञा आहे, त्यानें शेजाऱ्यावर संशय उत्पन्न करणारा प्रश्न विचारूंच नये.

येथवर वाचून आपल्या बंधुभगिनींस बरें वाटलें असेल. आतां जें लिहितों तें कदाचित् बरें वाटणार नाहीं. आपल्या घरांत ही संवय नाहीं काय? वर्षाच्या शेवटच्या रात्रीं उपासनेनंतर वचनाच्या चिठ्ठ्या काढण्याची चाल पुष्कळ मंडळ्यांत आहे. धीर देणारें वचन मिळालें व तें वर्षभर मनांत वागविलें, यांत चांगलेंच आहे. परंतु ‘यंदा दुःखाचें वचन निघालें, आतां घरांत काय होतें कोण जाणे’ असें म्हणून जानेवारीभर उदास राहणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. मुलीचें स्थळ पत्करावें कीं नाहीं यासाठीं डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडणारे व जेथें बोट पडेल तें उत्तर मानणारेहि पाहिले आहेत. आम्हींहि तरुणपणीं एकदां तसें केलें, आणि बोट वंशावळीवर पडलें तेव्हां पुन्हां उघडून पाहिलें, हें येथें कबूल करितों. बंधूंनो, तेथें पोपट तेवढा नव्हता. बाकी सर्व तेंच होतें. यहूदाच्या जागीं मत्थियाला निवडतांना प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकिल्या हें खरें. पण त्यांनीं प्रार्थना करून दोन योग्य माणसांतून एकाला कामासाठीं निवडिलें. उद्यां काय होणार असें विचारिलें नाहीं. आणि पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत त्यांनीं पुन्हां चिठ्ठ्या टाकिल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं.

हें ध्यानांत आल्यावर शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टि आपोआप नरम होते. आजोबा डोंगराच्या पायथ्यापासून काळू नदीच्या खोऱ्यापर्यंत आपले शेजारी कोण आहेत? महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी. आश्विनांत वाघबारस येते तेव्हां गुराखी वाघदेवापुढें नैवेद्य ठेवितो. त्या नैवेद्यांत त्याची जुनी भीति आहे, गुरांवरील माया आहे, आणि वर्षभर जीव वांचला याची कृतज्ञता आहे. आजोबा डोंगरावर वाल्मीकीचा आश्रम होता, टाकून दिलेल्या सीतेनें तेथें आपलीं मुलें वाढविलीं, असें शेजारी श्रद्धेनें सांगतात. एका निराधार आईची ती गोष्ट आहे. आपण ती ऐकून घेतल्यानें आपला विश्वास लहान होत नाहीं. वाघदेवापुढें आपण हात जोडणार नाहीं. पण गुराख्याच्या मनांतील भीति, माया व कृतज्ञता या तीन वस्तूंना हंसण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

पवित्र शास्त्रांत याचे दाखले भरपूर आहेत. इफिस नगरांत जादूटोणा करणाऱ्या पुष्कळांनीं विश्वास धरिल्यावर आपलीं पुस्तकें आणून सर्वांदेखत जाळिलीं. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये नाणीं झाली असें लिहिलें आहे. हा वृत्तांत आपण अभिमानानें सांगतों. परंतु दोन बारीक गोष्टी आपल्या नजरेंतून सुटतात. त्या लोकांनीं स्वतःचीं पुस्तकें जाळिलीं. शेजाऱ्याच्या घरांत शिरून त्याचीं आणिलीं नाहींत. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं नगराचा एक अधिकारी, जो विश्वासणारा नव्हता, सर्व जमावापुढें सांगतो कीं, या माणसांनीं देवळें लुटलीं नाहींत व आपल्या देवीची निंदाहि केली नाहीं. पौल तेथें दोन वर्षांहून अधिक काळ उपदेश करीत होता. इतका उपदेश करूनहि परक्यानें अशी साक्ष द्यावी! आज डोळखांबच्या सरपंचानें आपल्या मंडळीविषयीं अशी साक्ष दिली असती काय, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकानें आपणांस विचारावा.

दुसरा दाखला दानीएलाचा. बाबेलच्या राजानें रागाच्या भरांत सर्व ज्योतिषी व ज्ञानी यांस ठार मारण्याचा हुकूम सोडिला. दानीएलानें त्यांची विद्या कधीं आपला आधार केली नव्हती. पण राजाच्या स्वप्नाचा अर्थ देवाकडून कळतांच त्यानें प्रथम हीच विनंती केली कीं, बाबेलच्या ज्ञान्यांचा नाश करूं नका. ज्यांचें भविष्य त्यानें मानिलें नाहीं त्यांचा जीव त्यानें वांचविला.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पाहिजे असेल तर टिळकांच्या घरांत पाहा. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. कांहीं वर्षें वेगळ्या राहून त्या पतीकडे परत आल्या, तेव्हांहि त्यांचें सोंवळें, त्यांचें पाणी, त्यांचा स्वयंपाक निराळा होता, आणि टिळकांनीं तो निराळा राहूं दिला. पुढें जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, असें त्यांच्या मनानेंच घेतलें, व १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हें सर्व त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. ज्या घरांत एकाच छपराखालीं दोन विश्वास नांदले त्या घरानें आपणांस धीर धरणें म्हणजे काय हें शिकविलें.

तरीहि कोणी विचारील, शेजाऱ्याच्या समजुतीचा मान राखावा तर माणूस मरतांनाहि गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. येथें सरकारच्या कायद्यानें घातलेली मर्यादा विचार करण्यासारखी आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला व डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र व गंडेदोरे यांवर ठेवणें, करणीच्या नांवाखालीं एखाद्याला मारहाण करणें, हे त्यांत गुन्हे ठरविले आहेत. उलट यात्रा, भजन, कीर्तन, घरांतील किंवा देवळांतील, दर्ग्यांतील, चर्चमधील उपासना, तसेंच जोशी व नंदीबैलवाले यांचा सल्ला, यांना त्या कायद्यानें हात लाविला नाहीं. म्हणजे जेथें माणसाच्या जिवाला धक्का लागतो तेथें कायदा उभा राहतो. नुसत्या समजुतीच्या मागें तो धांवत नाहीं. आम्हांस वाटतें कीं, ख्रिस्ती माणसानें आपल्या स्वतःच्या घरांत या कायद्याहून कडक असावें, आणि शेजाऱ्याच्या दारांत या कायद्याहून एक पाऊलहि पुढें जबरदस्ती करूं नये. तेथें जीव धोक्यांत असेल तर ओरडावें, पोलीस व डॉक्टर यांना बोलवावें. एरवीं प्रीति, उदाहरण व विचारल्यास उत्तर, एवढीच हत्यारें आपल्या हातीं आहेत.

आतां बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं.

आपल्या मुलीनें पत्ता उचलला नाहीं हें तिनें योग्य केलें. ‘मी उद्यांचें विचारीत नसतें, तें देवावर सोडिलें आहे’ एवढें हंसतमुखानें सांगून ती तेथेंच बसली असती तर ती साक्ष झाली असती. परंतु ‘तुझ्या हातचें पाणी पिणार नाहीं’ हे शब्द तिला कोठून सुचले? आपल्यांतील पुष्कळांच्या आज्यापणज्यांस पाणवठ्यावर उभें राहूं दिलें जात नव्हतें. तें वाक्य ऐकून ते मान खालीं घालून परत जात. तोच अपमान आज त्यांच्या नातीच्या तोंडून दुसऱ्याच्या लेकीवर पडावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? प्रभूनें शोमरोनी स्त्रीपाशीं, जिच्या हातचें पाणी त्याचे लोक पीत नसत, स्वतः पाणी मागितलें. बंधो, आपल्या मुलीला त्या मैत्रिणीच्या घरीं पाठवा. तिनें क्षमा मागावी, आणि पाणी मागून प्यावें. पत्ता उचलण्याची कांहीं गरज नाहीं.

आणि त्या भगिनीविषयीं. तिनें दोरा घेतला, हें चुकलें असें आम्हीहि म्हणतों. पण तिचें नांव यादींतून काढण्यापूर्वीं शौल राजाची शेवटची रात्र वाचा. ज्या राजानें भूतविद्या जाणणाऱ्यांस देशांतून घालवून दिलें तोच भयानें वेडा होऊन रात्रीं वेष पालटून एन-दोर येथील तशाच एका बाईच्या दारीं गेला. त्याचें तें करणें पापच होतें, व शास्त्र तें लपवीत नाहीं. परंतु शास्त्र हेंहि लपवीत नाहीं कीं, दिवसभर उपाशी असलेला तो मनुष्य जमिनीवर पडला तेव्हां त्याच बाईला त्याची दया आली. तिनें घरांतलें वासरूं कापलें, भाकरी भाजल्या, आणि त्याला आग्रह करून जेवूं घातलें. देवाच्या ग्रंथानें त्या बाईची ती दया आपणांसाठीं लिहून ठेविली. मग आपल्या गांवच्या भगतानें मध्यरात्रीं दार उघडलें व मोटारसायकल काढावयास लाविली, हें आपण लिहून कां ठेवूं नये?

त्या रात्रीं भगिनीच्या विश्वासाची परीक्षा झाली तशी मंडळीचीहि झाली. तिनें प्रथम भगताचें दार वाजविलें नव्हतें; आपलें वाजविलें होतें. तें उघडलें असतें तर दोरा बांधण्याचा प्रसंगच आला नसता. म्हणून वडिलांस आमचें सांगणें असें: यादी बाजूला ठेवा, आणि सर्वजण मिळून तिच्या घरीं जा. ज्यांनीं दार उघडलें नाहीं त्यांनीं प्रथम बोलावें, मग तिला बोलूं द्यावें. दोरा सोडावयाचा असेल तर तो तिनें आपल्या हातानें सोडावा. दुसऱ्यानें ओढून तोडूं नये. तेथून परत येतांना भगताच्या घरीं थांबून, मुलाला वेळेवर पोंचविल्याबद्दल त्याचे आभार माना. तो तुमच्या सभेस येईल किंवा येणार नाहीं. आभार मानणें हें तुमचें देणें आहे व तें फेडलेंच पाहिजे.

शेवटीं एक काम सांगतों, तें प्रत्येक मंडळीला करितां येण्यासारखें आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं आहे; पण ज्या वाडीवर रेंज नाहीं तेथून फोन कोणीं करावा? रात्रीं कोणत्या टेकाडावर रेंज मिळते, गांवांत कोणाकोणाकडे गाडी आहे, सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यांत मिळते, हें एका कागदावर लिहून मंदिराच्या दारावर लावा. आळीपाळीनें एका घरानें रात्रीं जागसूद राहावें, आणि तें घर कोणतें हें ख्रिस्ती व अख्रिस्ती अशा सर्व शेजाऱ्यांस ठाऊक असावें. दानपेटींतील कांहीं पैसे पेट्रोलसाठीं निराळे ठेवा.

उद्यां काय होणार हें आपणांस ठाऊक नाहीं, व तें ठाऊक करून घेण्याची आपली इच्छाहि नसावी. परंतु आज रात्रीं कोणाच्या घरीं ताप आला आहे हें आपणांस ठाऊक होऊं शकतें, आणि तेवढें समजणें आपल्या कामाला पुरेसें आहे.